दहा रात्रींचा युरोप

‘मधुचंद्र’ हा शब्द इंग्रजी शब्दाचा सरळ अनुवाद होऊन आमच्या भाषेंत आला, हें सांगण्यास भाषापंडिताची गरज नाहीं. शब्द मोठा गोड आहे. परंतु त्याचा अर्थ समजून घेण्याची पाळी आमच्या परभणी जिल्ह्यावर फार उशिरां आली. आमचें स्वतःचें लग्न झालें तेव्हां नवदांपत्यानें प्रथम कोठें जावयाचें हें ठरलेलेंच असे. कुलदैवत तुळजापूरचें असेल तर तुळजापूर, माहूरचें असेल तर माहूर; बरोबर आईवडील, एखादी आत्या, दोन भाचरें आणि दशम्यांचें गांठोडें. त्या यात्रेंत वधूवरांस एकमेकांशीं चार वाक्यें बोलावयास मिळालीं तर तो देवीचाच प्रसाद समजावा! मात्र त्या यात्रेचा कार्यक्रम कोणास आंखावा लागत नसे. तो आपल्या जन्मापूर्वींच कोणीतरी आंखून ठेविलेला असे.

आतां काळ पालटला आहे. आमचें सेलू हें कापसाच्या बाजारपेठेचें, तालुक्याचें गांव. येथेंहि लग्न ठरलें कीं मुहूर्त आणि मंगल कार्यालय यांच्या मागोमाग तिसरा प्रश्न हजर होतो: “फिरायला कुठं जाणार?” कोणी केरळास जातें, कोणी काश्मिरास, कोणी अंदमानास. आमच्या पुतणीच्या लग्नांत या प्रश्नाचें उत्तर ‘युरोप’ असें आलें आणि तें ऐकतांच घरांतील सर्व मंडळींनीं आमच्याकडे पाहिलें.

आमच्याकडे पाहण्याचें कारण एवढेंच कीं, आम्ही तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों आहों. आणि इंग्रजी शिकविणारा माणूस म्हणजे विलायतेचा माहितगार, अशी गांवाची दृढ समजूत आहे. वस्तुतः आमची पश्चिमेकडील मजल मुंबईच्या गेटवेपर्यंत. आमच्याजवळ पासपोर्टसुद्धां नाहीं. परंतु पुस्तकांतून केलेला प्रवासहि अगदींच खोटा नसतो. रोममध्यें स्पॅनिश पायऱ्यांच्या बाजूस जें घर आहे, त्यांत २३ फेब्रुवारी १८२१ रोजीं पंचविशींतल्या कीट्सनें प्राण सोडला. त्या खोलींतून पायऱ्या कशा दिसत असतील, हें आम्हीं वर्गांत इतक्या वेळां सांगितलें आहे कीं, एखाद्या विद्यार्थ्यानें “सर, तुम्ही तिथं गेला होतात का?” असें विचारलें म्हणजे ‘नाहीं’ हा शब्द आमच्या तोंडून जरा उशिरानेंच बाहेर पडतो.

भावी जावईबापू मूळचे वसमतचे, पुण्यास संगणकाच्या कंपनींत नोकरीस. पुतणी येथील बँकेंत आहे, आणि प्रवासाच्या खर्चाचा अर्धा वांटा आपल्या पांच वर्षांच्या शिलकेंतून देण्याचें तिनें प्रारंभींच सांगून टाकलें होतें. दोघांपैकीं कोणीहि देशाबाहेर पाऊल ठेवलेलें नाहीं. लग्न वडीलधाऱ्यांनीं जुळविलेलें. साखरपुड्यापर्यंत दोघांची गांठ चार वेळां पडलेली, आणि त्यांतील दोन वेळां आम्ही समोर बसलेलों. अशा स्थितींत जावईबापूंनीं जी पहिली यादी मोबाइलवर धाडली, तींत लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, आम्स्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस व रोम अशीं सात नांवें होतीं. आणि रात्री दहा.

यादी वाचून आम्हांस अष्टविनायकाची आठवण झाली. दोन दिवसांत आठ गणपति करून आलेला यात्रेकरू ‘ओझरचा कोणता आणि लेण्याद्रीचा कोणता’ या प्रश्नाशीं घोंटाळतो. त्याच्या स्मरणांत राहते ती गाडींतली खिडकीजवळची जागा आणि कोठल्याशा फाट्यावरची मिसळ. आम्ही त्या यात्रेकरूस हंसत नाहीं. तो देवाच्या भेटीस गेलेला असतो, आणि देव ओझरता दिसला तरी पुण्यांत उणें येत नाहीं असा त्याचा भाव असतो. पॅरिसमध्यें ही सवलत नाहीं.

ही घाई कांहीं आजची नव्हे, आणि केवळ आपलीहि नव्हे. ५ जुलै १८४१ रोजीं टॉमस कुक नांवाच्या इंग्रज गृहस्थानें मद्यपाननिषेधाच्या चळवळींतील सुमारें पांचशें मंडळींस लेस्टरहून लफबरोस आगगाडीनें एका शिलिंगांत नेऊन आणलें. आणि १८५५ सालीं तो आपलीं गिऱ्हाइकें घेऊन युरोप खंडांत उतरला. त्यापूर्वीं इंग्रज सरदारांचीं मुलें युरोप पाहावयास जात तीं वर्ष-दोन वर्षें तिकडेच काढीत. कुकच्या गिऱ्हाइकांजवळ तेवढा वेळहि नव्हता आणि तेवढा पैसाहि नव्हता. मध्यमवर्गाच्या वांट्यास युरोप आला तो प्रथमपासूनच असा घाईघाईचा आला. तेव्हां आमच्या जावयांस नांवें ठेवण्याचें कारण आम्हांस दिसलें नाहीं.

यादींतून पहिलें गळालें तें लंडन. तें आम्हीं गाळलें नाहीं. ब्रिटनचा व्हिसा निराळा काढावा लागतो म्हणून तें आपोआप गळालें. उरलेलीं सारीं नांवें एकाच व्हिसांत बसतात. लक्झेंबर्गमधील शेंगेन या मोझेल नदीच्या कांठच्या खेड्यांत १४ जून १९८५ रोजीं पांच देशांच्या प्रतिनिधींनीं एका नौकेवर बसून, आपसांतील सरहद्दींवरची तपासणी हळूहळू उठविण्याचा करार केला. आज त्या व्यवस्थेंत २९ देश आहेत. आमच्या आजोबांना निजामी हद्दींतून इंग्रजी मुलुखांत जातां-येतां करोडगिरीच्या नाक्यावर गांठोडीं सोडून दाखवावीं लागत. फ्रान्स केव्हां संपला आणि बेल्जियम केव्हां लागला हें आतां गाडींतल्या उतारूस कळतहि नाहीं, ही गोष्ट त्यांना आम्हीं सांगितली असती तर त्यांनीं ती कीर्तनांतल्या आख्यानांत जमा केली असती.

लंडन गेल्यावर सहा नांवें राहिलीं, आणि मग आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. शहर बदलावयाचें म्हणजे सकाळीं दहा-अकराच्या आंत खोली सोडावयाची, सामान ओढीत स्टेशन गांठावयाचें, तीन-चार तास गाडींत बसावयाचें, नव्या गांवीं पुन्हां सामान ओढावयाचें. आणि तिकडे नवी खोली दुपारीं दोन-तीनपूर्वीं बहुधा ताब्यांत मिळत नाहीं. म्हणजे प्रत्येक बदलास अर्धा दिवस, आणि दमणूक धरली तर पाऊण. सहा ठिकाणें म्हणजे पांच बदल. अडीच ते पावणेचार दिवस केवळ पेट्या ओढण्यांत गेले. शिवाय पहिला दिवस झोंपेचा, कारण उन्हाळ्यांत तिकडचें घड्याळ आपल्या मागें साडेतीन तास असतें आणि शरीर सेलूच्याच घड्याळावर चालतें. राहिले सहा दिवस आणि सहा गांवें. एवढ्यांत ज्यांस एकमेकांचीहि धड ओळख नाहीं अशा दोघांनीं ब्रुसेल्सची ओळख करून घ्यावी, हें आम्हांस मान्य होईना.

जावईबापूंचें म्हणणें असें पडलें कीं, तिकडील गाड्या फार जलद आहेत. हें खोटें नाहीं. आम्स्टरडॅमहून थेट गाडी सुमारें तीन तास वीस मिनिटांत पॅरिसला पोहोंचते. आमची देवगिरी एक्सप्रेस रात्रीं सेलूहून निघून सकाळीं मुंबईस टेकते. तेवढ्या वेळांत आम्स्टरडॅमचा माणूस पॅरिसला जाऊन, तेथें जेवून, परत आपल्या घरीं येऊन निजूं शकेल. आमचें बालपण मीटर गेजच्या गाडींत गेलें. या मार्गाचे रूळ रुंद झाले ते १९९० नंतर. अशा माणसास तर हीं अंतरें पाहून मोह अधिकच व्हावा. परंतु गाडी तीन तासांची असली तरी पेटी भरणारा हात आणि नव्या शहरांत रस्ता चुकणारा पाय हे आपल्याच वेगानें चालतात; हें आम्हीं त्यांस कागदावर मांडून दाखविलें, आणि संगणकाच्या धंद्यांतला माणूस असल्यामुळें त्यांना तें आंकड्यांत लवकर पटलें.

दहा रात्री हा आंकडा कोठून आला, हेंहि सांगितलें पाहिजे. कारण तो कंपनीच्या रजेंतून आलेला नसून पंचांगांतून आलेला आहे. लग्नाचा मुहूर्त ६ मे २०२६ चा, वैशाखांतला. त्यानंतर १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ. लग्नानंतरचा पहिलाच अधिक मास. त्यांत जावयास तेहतीस अनारशांचें वाण दिल्यावांचून आमच्या वहिनींचें समाधान होणें शक्य नव्हतें, आणि तें वाण कांहीं पॅरिसच्या पत्त्यावर धाडतां येत नाहीं. इकडे विहीणबाईंचा एकच आग्रह: सुनेची पहिली वटपौर्णिमा घरींच झाली पाहिजे. ती २९ जूनला. मधले दिवस उरले तेरा. जाण्यायेण्याचे व विश्रांतीचे वजा जातां रात्री दहा.

गंमत अशी कीं, दोन्ही विहिणींनीं युरोपाचा नकाशा न पाहतां जो काळ नेमून दिला तो तिकडील उत्तम काळ निघाला. जून महिन्याच्या त्या आठवड्यांत दिवस वर्षांत सर्वांत मोठा असतो. आम्स्टरडॅमला सूर्य मावळावयास रात्रींचे दहा वाजतात. तोच सूर्य डिसेंबरांत दुपारीं साडेचारच्या सुमारास निरोप घेतो. शिवाय २१ जूनला पॅरिसच्या रस्तोरस्तीं रात्रीं उशिरांपर्यंत गाणेंबजावणें चालतें. १९८२ पासूनचा हा तेथला प्रघात. ज्यांस तिकीट काढून संगीतगृहांत जाणें परवडत नाहीं त्यांच्यासाठीं ही सोयच म्हणावयाची. उन्हाळ्याचा हंगाम म्हणून खोल्या महाग, ही याची दुसरी बाजू. पण अनारसे आणि वड यांच्यापुढें तिचा निभाव लागला नाहीं.

वाद झाला तो तारखांवर. जाण्याविषयीं कोणी ब्र काढला नाहीं, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटली. १८८७ सालीं सयाजीराव महाराज गायकवाड महाराणी चिमणाबाईंस बरोबर घेऊन युरोपास गेले, तेव्हां त्यांच्या विवाहास दोन वर्षें पुरीं झालेलीं नव्हतीं. समुद्र ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्ताचा प्रश्न त्यांच्यासारख्या राजाच्याहि मागें लागला. पुढें पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई या दांपत्याच्या युरोपप्रवासाचें ‘अपूर्वाई’ हें पुस्तक १९६० सालीं निघालें. तोंवर प्रायश्चित्त सुटलें होतें आणि त्याची जागा सल्ल्यांनीं घेतली होती. सल्ल्यांचें युग अद्यापि चालू आहे. आमच्या गल्लींतील ज्यांनीं औरंगाबादच्या पलीकडे फारसें पाऊल टाकलेलें नाहीं (आतां छत्रपति संभाजीनगर म्हणावयाचें), त्यांनींसुद्धां पुतणीस थर्मास कोणता न्यावा, पायमोजे किती न्यावे आणि खिसेकापूंपासून सावध कसें राहावें याविषयीं उपदेश केला. खिसेकापूंचा उपदेश तेवढा खरा होता. पॅरिस व रोम येथील गर्दीच्या ठिकाणीं त्यांचा सुळसुळाट आहे असें जाऊन आलेले सर्वच सांगतात.

सहांतून तीन निवडावयाचीं म्हणजे तीन टाकावयाचीं. हें काम यादी पुढें ठेवून होईना; कारण यादींतील प्रत्येक नांवामागें कोणीतरी उभें होतें. आयफेल मनोऱ्याखालीं मुलाचा व सुनेचा फोटो निघावा, ही व्याह्यांची इच्छा. व्हेनिसच्या होड्या आमच्या धाकट्या मुलाच्या आवडीच्या. रोम कोणाचें, तें सांगावयास नको. म्हणून आम्हीं दोघांस सांगितलें कीं, दुसऱ्यास न दाखवितां प्रत्येकानें एकच नांव लिहून आणावें: जें टाकलें तर प्रवास झाला असें वाटणारच नाहीं असें.

जावईबापूंनीं ‘युंगफ्राउयोख’ असें लिहिलें होतें. स्वित्झर्लंडमधील हें ठिकाण समुद्रसपाटीपासून ३४५४ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आमच्या कळसूबाईच्या दुपटीहूनहि उंच, आणि तेथवर १९१२ पासून आगगाडी जाते. डोंगर पोखरून तो रस्ता काढण्यास सोळा वर्षें लागलीं. पण जावईबापूंना आगगाडीशीं कर्तव्य नव्हतें. लहानपणीं वसमतच्या घरीं टीव्हीवर त्यांनीं ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ हा १९९५ चा बोलपट इतक्या वेळां पाहिला होता कीं, स्वित्झर्लंडचा बर्फ न पाहतां झालेलें लग्न त्यांस अपुरें वाटलें असतें. हें त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें, आणि तो मोकळेपणा आम्हांस आवडला.

पुतणीनें आम्स्टरडॅममधील एका घराचा पत्ता लिहिला होता: प्रिन्सेनग्राख्ट २६३.

हें ॲन फ्रँकचें घर. १२ जून १९४२ रोजीं, तेराव्या वाढदिवशीं, या ज्यू मुलीस रोजनिशीची वही मिळाली. ६ जुलै रोजीं तिचें कुटुंब वडिलांच्या कचेरीच्या मागच्या भागांत लपावयास गेलें. आणि ४ ऑगस्ट १९४४ रोजीं तेथील आठहि माणसें पकडलीं गेलीं. छळछावण्यांतून परत आले ते एकटे वडील. त्यांनीं १९४७ सालीं ती रोजनिशी प्रसिद्ध केली. ती मराठींतहि आली आहे आणि आमच्या पुतणीनें ती आठवीं-नववींत असतांना वाचली. १९६० पासून तें घर लोकांस पाहावयास खुलें आहे.

हें नांव दोन्ही घरीं कळलें तेव्हां एकच गहजब झाला. आमच्या वडील भगिनी म्हणाल्या, “अगं, हळद उतरली नाही तोवर कुणी असल्या घरी जातं का?” वसमतकडून थेट कोणी कांहीं बोललें नाहीं, परंतु न बोलणें हेंहि लग्नघरीं बोलणेंच असतें. जावईबापूंचा फोन दोन दिवस आला नाहीं. पुतणी बँकेंतून येई, जेवे, आणि नांव मागें घेतें म्हणत नसे. आमचे बंधु आम्हांस म्हणाले, “दादा, तू तिला समजाव. आपण एक घर गाळलं तर काय बिघडतं?” आम्हांस बिघडण्यासारखें दिसत होतें. सात शहरांतून चार गाळणें हा अंकगणिताचा प्रश्न होता, तो आम्हीं सोडविला. हा प्रश्न निराळा होता. ज्या माणसाबरोबर जन्म काढावयाचा त्यास आपल्या मनांतली एक अप्रिय, अशुभ मानली जाणारी गोष्ट लग्नापूर्वींच सांगावी कीं नाहीं, असा तो प्रश्न होता. आणि पुतणीनें तो स्वतःच्या बाजूनें सोडवून टाकला होता.

पुढच्या रविवारीं जावईबापू न कळवितां सेलूस आले. चहा झाल्यावर पुतणी त्यांस आमच्या जुन्या वाड्यांत घेऊन गेली. आम्ही किल्ल्या घेऊन मागोमाग. वाडा आतां राहता नाहीं. माळवद एका बाजूनें बसलें आहे, पण मधल्या खणांतलें बळद शाबूत आहे. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठीं सांगतों: बळद म्हणजे जुन्या वाड्यांत जाड भिंतींच्या पोटीं धान्य सांठविण्याची जी अंधारी कोठी ठेवीत ती. तिला खिडकी नसते. तोंड लहान, आणि तें झांकलें कीं भिंत सलग दिसते. १९४८ सालीं रझाकारांचा उपद्रव वाढला तेव्हां आमच्या मातोश्री दहा वर्षांच्या होत्या. भाद्रपदांतल्या दोन रात्री आणि मधला एक दिवस सात बायकामुलें या बळदांत बसून होतीं. सर्वांत धाकट्या मुलाला खोकला होता. त्याच्या तोंडांत कोणी ना कोणी गुळाचा खडा धरीत असे. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ ला निजामानें शरणागति पत्करली. मातोश्री पुढें सत्तर वर्षें जगल्या, परंतु गूळ त्यांनीं देवाच्या नैवेद्यापलीकडे कधीं तोंडांत घातला नाहीं. ही गोष्ट त्यांनीं आम्हां मुलांस सांगितली नव्हती. नातीस सांगितली, नात जेव्हां ती रोजनिशी हातांत घेऊन त्यांच्या शेजारीं वाचीत बसली होती तेव्हां.

दोन रात्री आणि दोन वर्षें यांची बरोबरी होत नाहीं. आणि आमच्या घरचीं सातहि माणसें जिवंत बाहेर आलीं. पुतणीहि बरोबरी करीत नव्हती. तिनें एवढेंच सांगितलें कीं, आजीला ती मुलगी कोण हें कळल्यावर आजीनें विचारलें होतें, “तिच्या बळदाला खिडकी होती का गं?” आणि तिला तें स्वतः पाहून यावयाचें आहे. जावईबापूंनीं मोबाइलचा दिवा लावून बळदांत डोकें घातलें. बराच वेळ तसेच वाकून होते. बाहेर आल्यावर केंसांतली माती झाडीत त्यांनीं विचारलें, “तिथलं तिकीट कसं मिळतं?” आमच्या भगिनींनीं त्यानंतर हा विषय काढला नाहीं, वसमतच्या मंडळींस काय आणि कसें सांगितलें गेलें तें आम्हीं विचारलें नाहीं.

त्यानंतरचें काम सोपें झालें. आम्स्टरडॅम ठरलें, स्वित्झर्लंड ठरलें, आणि मध्यें वाटेवर पॅरिस पडतें म्हणून व्याह्यांचा फोटोहि ठरला. आम्स्टरडॅमला तीन रात्री, पॅरिसला तीन, आणि इंटरलाकेनच्या परिसरांत चार. चार एवढ्याचसाठीं कीं, त्या शिखरावर ढग केव्हां येतील याचा नेम नाहीं. वर जाण्याचें एकेकाचें भाडें इंटरलाकेनपासून दोनशें फ्रँकांहून अधिक. एवढें मोजून ढगांत उभें राहावयाचें नसेल तर आकाश निवळण्याची वाट पाहण्यास एक-दोन दिवस हाताशीं पाहिजेत. परदेशी प्रवाशांस तेथें महिनाभर चालणारें अर्ध्या भाड्याचें कार्ड मिळतें, तें या एका चढणींतच बरेंचसें वसूल होतें. जावयाचें आम्स्टरडॅमला आणि परतावयाचें झुरिकहून. अष्टविनायकाची यात्रा विधिपूर्वक करणारा मोरगांवाहून निघून मोरगांवासच परत येतो. युरोपांत तसा नियम नाहीं, आणि पहिल्या शहरीं परत येण्यांत जो दिवस गेला असता तो वांचला.

ब्रुसेल्स, व्हेनिस आणि रोम गेलें. कागद आमच्याच हातचा होता, रेघहि आम्हीच मारली. पुतणी म्हणाली, “काका, रोम राहिलं.” आम्हीं म्हटलें, “राहू दे. तें कुठं पळून जात नाही.” आमचें कुटुंब स्वयंपाकघरांतून हें ऐकत होतें. रात्रीं तिनें सहज विचारावें तसें विचारलें कीं, पासपोर्ट काढावयास साठीच्या आंत-बाहेरचा कांहीं नियम असतो काय. नसतो, असें आम्हीं सांगितलें. ती बरें म्हणून निजली. दुसऱ्या दिवशीं आमच्या टेबलावर आम्हां दोघांचीं जन्मतारखेचीं कागदपत्रें एकत्र करून ठेवलेलीं होतीं.

व्हिसाच्या कागदांविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं; तो खटाटोप कंटाळवाणा पण सरळ आहे. ज्या देशांत अधिक रात्री त्या देशाकडे अर्ज, म्हणून तो स्वित्झर्लंडकडे. अर्ज निघण्यापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत आणि उशिरांत उशिरां पंधरा दिवस आधीं करावा लागतो. फी माणशीं ९० युरो. आजारपणाचा विमा निदान ३०,००० युरोंचा. बँकेचे उतारे, पगाराचे दाखले, रजेचें पत्र, खोल्यांचीं आरक्षणें. आणि शेवटीं स्वतः जाऊन बोटांचे ठसे. एक गोष्ट मात्र नवविवाहितांनीं ध्यानांत ठेवावी. तिकीट व व्हिसा यांवरचें नांव पासपोर्टाशीं अक्षरशः जुळलें पाहिजे. वसमतकडे ताटांत तांदूळ पसरून त्यांवर नवें नांव लिहिण्याची तयारी आहे. तें नांव कोणतें याची चर्चाहि चालू आहे. पासपोर्टावर मात्र पुतणीचें माहेरचेंच नांव राहणार, आणि तें बदललेंच पाहिजे असा कायदा नाहीं. विहीणबाईंस हें प्रथम चमत्कारिक वाटलें. “मग तांदळांतलं नाव कशाला?” त्यांनीं विचारलें. “घरात हाक मारायला,” पुतणी म्हणाली; आणि विहीणबाईंस तें उत्तर पटलें असावें, कारण त्यांनीं लगेच लहान, हाक मारण्यास सोपें असें नांव शोधावयास घेतलें.

फराळाचा एक तह करावा लागला. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ बाहेरून सामानांत घालून युरोपीय संघांत नेण्यास मनाई आहे, म्हणून वहिनींचे पेढे गेले. मेतकूट, भडंग आणि शेंगदाण्याची चटणी राहिली. धपाटे विमानांत बसण्यापूर्वींच संपवावयाचे आहेत.

राहिलें तें तिकीट. ॲन फ्रँकच्या घराचीं तिकिटें तेथें दारावर मिळत नाहींत. दर मंगळवारीं तिकडच्या सकाळच्या दहा वाजतां, सहा आठवड्यांनंतरच्या दिवसांचीं तिकिटें संकेतस्थळावर सुटतात आणि उन्हाळ्यांत तीं पाहतां पाहतां संपतात. हिशेब केला तेव्हां आपल्याकडील तो मंगळवार ५ मेचा निघाला, वेळ दुपारीं दीडची. लग्नाचा आदला दिवस. वसमतच्या घरच्या दिनदर्शिकेवर त्या चौकोनांत विहीणबाईंनीं केव्हांच ‘हळद’ असें लिहून ठेवलें होतें. त्याखालीं जावईबापूंनीं ‘दीड वाजतां’ असें लिहिलें आहे. हळदीच्या हातांनीं मोबाइल कसा धरणार, असें त्यांच्या मातोश्रींनीं विचारलें. त्यावर मोबाइल धाकट्या भावानें धरावा आणि जावईबापूंनीं पाटावरूनच काय दाबावयाचें तें सांगावें, असें ठरलें आहे.